हललेले फोटो

आईचा टॅब मी एका रविवारी रूट केला. त्या दिवशी मी रागात होतो, आणि रागात असताना कुठल्याही मशीनला हात लावू नये हे मी बावीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलोय. परळच्या एका हॉस्पिटलात मी एक्स-रे काढतो. मशीन अडलं, प्रिंटर रुसला, कुणाचा मोबाईल बंद पडला की आमच्याकडे सगळे मलाच हाक मारतात. मला जमतं म्हणून मारतात. हा माझा जुना माज आहे.

राग कशाचा होता ते आधी सांगायला हवं. आईला पक्षाघात होऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. उजवा हात गेला, उजवा पाय थोडाफार परत आला, आणि बोलणं गेलं ते गेलंच. समोरचा काय म्हणतो ते तिला सगळं कळायचं. तिला काय म्हणायचंय तेही तिच्या डोक्यात तयार असायचं, फक्त तोंडापर्यंत पोचायचं नाही. आणि ही बाई म्हणजे लालबागच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावरच्या माणसाशी गप्पा मारणारी. उन्हाळ्यात मिरच्या कांडायला गेली की रांगेतल्या सगळ्या बायकांच्या घरची खबरबात घेऊन यायची. बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका वाचून घरी आले की त्यांना शांतता हवी असायची, आणि ती त्यांना पन्नास वर्षांच्या संसारात एकदाही मिळाली नाही.

स्पीच थेरपीच्या बाईंनी टॅबवर एक अ‍ॅप टाकून दिलं होतं. पडद्यावर चौकोन असतात, प्रत्येक चौकोनात एक फोटो, आणि त्यावर बोट ठेवलं की आधी भरून ठेवलेला आवाज ऐकू येतो. बाबा त्याला पाटी म्हणायला लागले, मग आम्हीही. ती भरायचं काम बाबांनी अंगावर घेतलं. बाजारातल्या कुठल्याही पेल्याचा फोटो त्यांना चालत नसे. आईचाच पेला, आईचीच उशी, तिच्या गोळ्यांची डबी, शेजारच्या काकू, खालची भाजीवाली, सगळ्यांचे फोटो त्यांनी जाऊन काढले. आवाज मात्र स्वतःचाच भरला. आवाज त्यांचा आणि बोलणं तिचं. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस घोगऱ्या आवाजात म्हणतोय, 'मी दमले.' 'केस विंचरून हवेत मला.' 'आज वरण नको, आमटी करा.' रागावली की आई मालवणीत जायची, म्हणून एक चौकोन नुसता 'माका नको' असा होता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. बाबा चिडले.

'हसतोस काय? वाक्य तिचं आहे. मी फक्त वाचून दाखवतोय.'

आईनं आयुष्यात कधी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. त्यामुळे त्यांना बोलवायच्या चौकोनात त्यांनी स्वतःचा फोटो लावला आणि स्वतःच 'अहो' असं भरलं. आई चौकोन दाबायची, बाबांचाच आवाज बाबांना 'अहो' म्हणायचा आणि बाबा मोरीतून 'आलो, आलो' करत यायचे. महिन्याभरात आम्हाला त्यात काही वेगळं वाटेनासं झालं.

तर त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी बाबा खाली दूध आणायला गेले होते. असे ते गेले की काकू शेजारून कान देऊन असायच्या, पाटी बोलली की धावत यायच्या. आईला बाथरूमला जायचं होतं. तिनं चौकोनावर बोट ठेवलं आणि पडद्यावर पत्त्यांच्या खेळाची जाहिरात आली. ती बंद करायची फुली उजव्या कोपऱ्यात, मोहरीएवढी. डाव्या हातानं ती तिला सापडेना. दाबायला जावं तर जाहिरात आणखीच मोठी व्हायची. काकूंना वाटलं, टीव्ही चालू आहे. बाबा वर आले तेव्हा आई ओल्या गाऊनमध्ये बसली होती आणि मांडीवरच्या टॅबमधून कुणीतरी ओरडून पत्ते खेळायला बोलवत होतं. मला फोनवर बाबा इतकंच म्हणाले, 'दुपारभर तिनं माझ्याकडे बघितलं नाही रे.'

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या जाहिराती टॅब बनवणाऱ्या कंपनीनं आधीपासून आत घुसडलेल्या पाच-सहा अ‍ॅपमधून यायच्या, आणि ती अ‍ॅप काढून टाकायची सोयच ठेवलेली नव्हती. आमच्या चाळीतल्या लोकांना हे समजायला अवघड नाही. पागडीच्या खोलीत राहतो आपण, पण भिंत पाडायची तर घरमालकाला विचारावं लागतं. टॅबचंही तेच. रूट करायचं म्हणजे घरमालकाच्या किल्ल्या आपल्या हातात घ्यायच्या. मग आतलं काय ठेवायचं आणि काय फेकायचं ते आपण ठरवायचं. माझा मोबाईल मी पूर्वी असा रूट केला होता. दोन तासांचं काम.

रविवारी सकाळी टॅब न्यायला लालबागला गेलो. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. बाबांनी टॅब माझ्या हातात दिला पण लगेच सोडला नाही.

'पाटीला काही होणार नाही ना?'

'बाबा, मी बघतो ना.'

'नाही, शेवटच्या पानावर तिचं एक...'

'बाबा, सगळं आधी कॉपी करून घेणार आहे. तुम्ही कशाला टेन्शन घेता? जेवायच्या आत आणून देतो.'

त्यांचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं पुरी करून देणारा माणूस माझ्यासमोर गप्प झाला आणि मला ते बरंच वाटलं. मला निघायची घाई होती.

कॉटन ग्रीनला माझ्या घरी आलो आणि लॅपटॉपला टॅब जोडला. रूट करायच्या आधी एक कुलूप उघडावं लागतं, आणि ते उघडताना टॅबमधलं सगळं पुसलं जातं. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणून घोळ झाला असं मी कुणालाही सांगितलेलं नाही. मी गॅलरी उघडली. पाटीसाठी काढलेले फोटो गॅलरीतही जमा व्हायचे, ते चारशेच्या वर झाले होते. बाबांचे फोटो बाबांसारखेच, सरळ, मधोमध. पण अधूनमधून भलतेच काही. खाटेचा पाय, अर्धा. छताचा कोपरा. दाराची कडी, पण हललेली. एकात नुसतं निळं कापड, धुरकट. आईच्या हातातून टॅब घसरताना चुकून निघालेले असणार, असं मी धरून चाललो.

आमच्या कामात एक सवय लागते. पेशंट हलला की प्लेट बाद. हललेली प्लेट डॉक्टरकडे जाऊ द्यायची नाही, जागच्या जागी रद्द करायची आणि दुसरी काढायची. मी दिवसाला सत्तर-ऐंशी काढतो, त्यातल्या पाच-सात बाद करतो, आणि बाद करताना माझा हात थांबत नाही. तसाच तेव्हाही थांबला नाही. चहा पिता पिता मी ते सगळे फोटो पुसले आणि उरलेले नीटनेटके फोटो लॅपटॉपवर घेतले. रेकॉर्डिंग नावाचं फोल्डर दिसलं, तेही घेतलं. मग कुलूप उघडायची आज्ञा दिली. पडद्यावर इशारा आला, सगळं पुसलं जाईल. तिथं होकार आवाज वाढवायच्या बटणानं द्यायचा असतो, मी ते दाबलं.

पुढचं सगळं सुरळीत झालं. टॅब रूट झाला. पत्त्यांचं अ‍ॅप उडवलं, खरेदीचं उडवलं, हवामान सांगायच्या नावाखाली जाहिराती दाखवणारं एक होतं, तेही उडवलं. मी बायकोला बोलावून दाखवलं. मग पाटीचं अ‍ॅप पुन्हा टाकलं आणि ते उघडलं. एकही चौकोन नव्हता. मधोमध अधिकचं चिन्ह आणि खाली लिहिलेलं, पहिला शब्द जोडा.

रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये काय होतं ते तेव्हा ऐकलं. बाबांच्या तालमी. 'अहो.' मग जरा थांबून, 'अहो...' मग वरच्या पट्टीत, 'अहो!' तिच्यासारखं जमेपर्यंत त्यांनी नऊ वेळा भरलं होतं. खरे आवाज अ‍ॅपनं स्वतःच्या पोटात ठेवले होते. तिथवर पोचायला रूटची किल्ली लागते, आणि ती मला मिळाली तोवर आतलं सगळं पुसून गेलं होतं. बायको माझ्यापुढचा कप उचलून घेऊन गेली.

दुपारी लालबागला गेलो ते चोरासारखा. बाबांना सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कपाटातून एक लांबडी वही काढली. पानापानावर आकडे घालून प्रत्येक चौकोनाचं वाक्य लिहिलेलं, बारीक सुवाच्य अक्षरात. खोडलेलं, सुधारलेलं. 'मला तहान लागली आहे' खोडून 'पाणी द्या.'

'शब्द आहेत,' ते म्हणाले. 'पुन्हा भरू.'

मी चार दिवस रजा टाकली. बाबा वाचायचे, मी चौकोन बनवायचो. आई शेजारी बसून बघायची. ते चार दिवस तिला काही हवं असलं की ती डाव्या हातानं खुर्चीच्या दांड्यावर थापट्या मारायची, आणि आम्ही दोघं एकदम विचारायला लागलो की ती डोळे मिटून घ्यायची. डोळे मिटले म्हणजे नाही, डावा पंजा उचलला म्हणजे हो. एवढीच तिची भाषा उरली होती. एकदा काय हवंय ते आम्हाला अर्धा तास कळलं नाही. तिच्या पाठीखाली उशीची चेन रुतत होती.

चौथ्या दिवशी वही संपली. मी म्हटलं, 'झालं बाबा. सगळं आलं परत.'

बाबा पाटी एकेक पान सरकवत शेवटापर्यंत गेले. 'आणि तिचे?' त्यांनी विचारलं.

'तिचे कुठले?'

मग त्यांनी सांगितलं. गेले तीन महिने आई स्वतः चौकोन बनवत होती. बाबांचं बघून बघून शिकली होती. डाव्या हातात टॅब धरायचा, जमेल तसा फोटो काढायचा आणि आवाज न भरताच ठेवून द्यायचा. आवाज ती कुठून भरणार? असे एकोणीस चौकोन शेवटच्या पानावर जमले होते. जे सांगायचंय आणि ज्यासाठी बाबांनी शब्द दिलेला नाही, ते ती तिथं ठेवत होती. रोज चहानंतर दोघं बसायची. बाबा एकेक चौकोन दाखवून विचारायचे आणि ती पंजा उचलायची किंवा डोळे मिटायची. खाटेच्या पायाचा अर्थ लागायला चार दिवस गेले. खाटेखालच्या ट्रंकेत तिच्या आईचं लुगडं होतं, ते माझ्या बायकोला द्यायचं होतं. छताच्या कोपऱ्याचा अर्थ, ट्यूबलाईट डोळ्यांवर येते, खाट फिरवा. कडीचा अर्थ, दार लोटून घेऊ नका, बाहेर चाळीच्या गॅलरीतलं बोलणं मला ऐकू येत नाही.

'हे मला का नाही सांगितलंत?'

'आमचं दोघांचं होतं ते,' बाबा म्हणाले, आणि जरा लाजलेच. 'त्या दिवशी सांगणार होतो. तू घाईत होतास.'

एकोणीसपैकी तीनच लागले होते. बाबांना आशा होती की निदान फोटो तरी माझ्या लॅपटॉपवर असतील. फोटो दिसला तर ते पुन्हा विचारू शकले असते. मी त्यांना सांगितलं की हललेले होते म्हणून मी ते पुसले. सांगताना आई माझ्याकडे बघत होती. पुसलेलं परत आणणारी सॉफ्टवेअर मी नंतर दोन दिवस चालवली, ओळखीच्या एकाला दाखवलं. हाताला काही लागलं नाही. बाबांना सोळातले आठवत होते ते त्यांनी वहीत लिहून काढले. गज. बादलीची कड. कॅलेंडर, पण कुठला महिना ते आठवत नाही. लिहिता लिहिता ते थांबले.

'एकात निळं कापड होतं. तुझ्या हॉस्पिटलचा शर्ट. तू टॅब न्यायच्या आधी आठवडाभर तेच विचारत होतो. त्याला बोलावू का? नाही. त्याला काही द्यायचंय? नाही. तो थकलेला दिसतो का? नाही. मग तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून मी सोडून द्यायचो. तुला काही सुचतं का?'

मला सुचत होतं. मी नाही म्हटलं.

आई पडली त्या दिवशी सकाळी साडेदहाला तिनं मला फोन केला होता. हाताला मुंग्या आल्यात, जीभ जड वाटतेय, येऊन जातोस का? माझ्यासमोर पेशंटांची रांग होती. मी म्हटलं, 'पित्त झालं असेल गं. पडून राहा जरा, संध्याकाळी येतो.' दुपारी ती मोरीत पडली. जीभ जड झाली तर पेशंटला ताबडतोब आणा, असा फलक आमच्याच कॅज्युअल्टीच्या भिंतीवर आहे. त्याच्यासमोरून मी रोज डबा घेऊन जातो. तो फोन मी कुणालाच सांगितला नव्हता, बायकोलाही नाही. तो फक्त आईला माहीत होता, आणि आईला बोलता येत नव्हतं. तिचं बोलणं गेलं याचं मला दुःख होतं, ते खोटं नव्हतं. पण त्या दुःखाच्या तळाशी मला सुटल्यासारखंही वाटायचं, आणि ते मला कळत होतं. निळा फोटो पुसताना मात्र मला यातलं काही माहीत नव्हतं. हललेला होता म्हणून पुसला. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलंय त्याला गणती नाही.

त्यानंतर आईनं एकही फोटो काढला नाही. बाबा टॅब तिच्या हातात देऊन अधिकच्या चिन्हावर बोट ठेवून दाखवायचे, ती टॅब परत मांडीवर ठेवायची. पाणी, चहा, बाथरूम, उशी, भरलेले शब्द ती वापरायची. जाहिरात एकही येत नव्हती. टॅब झकास चालत होता. थेरपीच्या बाई म्हणाल्या, पेशंटचा उत्साह कमी झालाय, घरी काही झालं का? बाबा म्हणाले, काही नाही. त्यांनी मला सांभाळून घेतलं, आणि तेच मला सहन होईना.

तीन आठवड्यांनी एका दुपारी मी ड्युटीवरून सरळ लालबागला गेलो, तोच निळा शर्ट अंगावर. बाबा आईजवळ बसून वहीतल्या यादीतला गज विचारत होते. खिडकीचा? गॅलरीचा? आई डोळेही मिटत नव्हती. मी तिच्यासमोर स्टुलावर बसलो आणि तो फोन सांगितला. दोघांनाही एकदम सांगितला, साडेदहा वाजल्यापासून संध्याकाळपर्यंतचा. पित्त म्हणालो तेही सांगितलं. मग आईला विचारलं, 'त्या फोटोत हेच होतं का गं?'

तिनं पंजा उचलला नाही आणि डोळेही मिटले नाहीत. बाबांनी चष्मा काढून वहीवर ठेवला. आता ते मला घराबाहेर काढतील असं मला वाटलं.

'तुला साडेदहाला सांगितलं तिनं,' बाबा म्हणाले. 'मला नऊला सांगितलं होतं. मी पेपर वाचत होतो. हात जड झालाय, बोलताना जीभ अडखळतेय, सांगत होती, सांगतच होती. मी पेपरातून मान वर केली नाही. म्हटलं, अगं, तोंडाला जरा आराम दे, आपोआप बरं वाटेल.'

गॅलरीतून कुणीतरी कुणाला तरी हाका मारत गेलं. आई आमच्या दोघांच्या मधे बसून सगळं ऐकत होती. मांडीवर पाटी उघडी होती, पहिल्या पानापासून भरलेली.

'बोल ना गं काहीतरी,' बाबा म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि डावा हात पाटीवरून उचलून बाजूला ठेवला.